इंटरनेट कंपनी बदलताय? राउटर सगळ्यात शेवटी घ्या

ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, इंटरनेट कंपनी बदलणं आता फार अवघड राहिलेलं नाही. सोसायटीच्या गेटपाशी कोणीतरी छत्री आणि टेबल टाकून बसलेलंच असतं, फॉर्म भरला की एक-दोन दिवसात मुलगा वायरचं बंडल घेऊन दारात हजर. लोक अडकतात ते राउटरपाशी. प्लॅन ठरायच्या आधीच सेलमध्ये सहा अँटेनावाला राउटर मागवून टाकतात, मग कळतं की नवीन कंपनीची फायबर त्याला लागतच नाही, किंवा लागतो पण तीनशे एमबीपीएस स्पीडचा प्लॅन घेऊन मोबाईलवर नव्वदच दिसतात, किंवा सगळं नीट आहे पण आतल्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल अजूनही अडकतोय. हे तिन्ही त्रास पैसे घालवायच्या आधीच टाळता येतात, फक्त क्रम बरोबर पाहिजे: आधी घरात लाइन कुठली येतेय ते बघा, मग घराच्या भिंती बघा, आणि मग राउटर. पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी सगळं ओळीने लिहितोय, जो भाग तुमच्या घराला लागू नाही तो सोडून पुढे जा.

फॉर्म भरायच्या आधी हे विचारा

कंपनीचा माणूस प्लॅनचे आकडे सांगेल, ओटीटी किती फ्री ते सांगेल, पण घरात बसवायच्या डब्ब्याबद्दल आपणहून काही बोलणार नाही. त्याला व्हॉट्सॅपवर असा मेसेज टाका, म्हणजे उत्तर लेखी राहतं:

"दादा, फॉर्म भरायच्या आधी एवढं सांगा ना. घरात फायबर येणार की लॅन केबल? डब्बा तुमचा की मी घ्यायचा? तुमचा असेल तर डिपॉझिट किती आणि कनेक्शन बंद केल्यावर परत मिळतं का? डब्ब्याला गिगाबिट पोर्ट आणि फाइव्ह गिगाहर्ट्झ वाय-फाय आहे का? मला माझा राउटर लावायचा असेल तर ब्रिज मोड करून द्याल का? लॉगिनचं युजरनेम-पासवर्ड मला मिळेल ना?"

आता यातला एकेक प्रश्न कशासाठी ते सांगतो, कारण पुढची सगळी निवड याच्या उत्तरांवर आहे.

फायबर म्हणजे काचेची बारीक तार, त्यातून प्रकाश येतो. त्या प्रकाशाचं साध्या नेटवर्कमध्ये रूपांतर करणारा डब्बा म्हणजे ओएनटी, काही जण ओएनयू म्हणतात. राउटर ही वेगळी वस्तू, त्याचं काम वाय-फाय देणं आणि एक कनेक्शन घरातल्या सगळ्या डिव्हाइसना वाटणं. हल्ली बहुतेक कंपन्या दोन्ही एकाच डब्ब्यात घालून देतात म्हणून लोकांना वाटतं की तो डब्बा काढला आणि आपला राउटर लावला की झालं. तसं होत नाही. ओएनटीचा सिरियल नंबर कंपनीच्या मशीनमध्ये नोंदवलेला असतो, तो नोंदलेला नसेल तर लाइन चालूच होत नाही, म्हणून आधीच्या कंपनीचा ओएनटी नवीन कंपनीकडे चालत नाही आणि बाजारातून आणलेलाही सहसा चालत नाही. थोडक्यात फायबर घेतलं तर कंपनीचा डब्बा घरात राहणारच, तुमचा राउटर त्याच्यापुढे लागणार, एका लॅन केबलने. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानात अर्धा गोंधळ कमी होतो. ब्रिज मोड म्हणजे कंपनीचा डब्बा फक्त लाइन पुढे देतो, राउटरचं काम तुमचा राउटर करतो.

लॅन केबलवालं कनेक्शन अजूनही बऱ्याच जुन्या बिल्डिंगमध्ये आहे. लोकल केबलवाल्याचा स्विच गच्चीवर किंवा जिन्याच्या कोपऱ्यात असतो, तिथून साधी केबल तुमच्या घरात. इथे ओएनटीचा प्रश्नच नाही, केबल सरळ राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरची लाइन लावायच्या भोकात जाते आणि राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकायचा, त्याला पीपीपीओई म्हणतात. अशा ठिकाणी राउटर बहुतेक तुम्हालाच घ्यायला लागतो आणि कुठलाही साधा वाय-फाय राउटर चालतो.

तिसरा प्रकार एअर फायबर, म्हणजे 5-जी सिग्नलवर चालणारं कनेक्शन, मुंबई भागात हे २०२३ पासून मिळतंय. बाहेर बाल्कनीत किंवा गच्चीवर एक युनिट, आत एक डब्बा. जिथे फायबर अजून पोचलेलं नाही तिथे हा पर्याय ठीक आहे, आणि स्वतःचा राउटर लावायचाच असेल तर आतल्या डब्ब्याच्या लॅन पोर्टला.

लँडलाइन पण घेत असाल तर फोनची वायर कंपनीच्या डब्ब्यातच लागते, तो बंद ठेवला की फोनही बंद. घरी आई-बाबा लँडलाइन वापरत असतील तर हे आधीच लक्षात ठेवा.

घरी किंवा दुकानात सीसीटीव्ही असेल तर अजून एक प्रश्न विचारा, पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा फक्त तुमचा पत्ता, मिळतो का. बऱ्याच कंपन्या एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्याही आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. मग पोर्ट फॉरवर्डिंग करून कॅमेरा बाहेरून बघायची जुनी पद्धत चालणार नाही, कितीही महागडा राउटर आणला तरी. कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउडवालं ॲप वापरा किंवा जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता घ्या.

जुना राउटर चालेल का

बऱ्याचदा चालतो, म्हणून टाकून देऊ नका. मागे वळवून पोर्ट बघा. एमटीएनएलच्या काळातला असेल आणि बाहेरची लाइन लावायला मागे फक्त टेलिफोनच्या वायरचं छोटं भोक असेल, तर तो एडीएसएल मोडेम आहे, फायबरला उपयोग नाही. वॅन किंवा इंटरनेट असं लिहिलेलं, बऱ्याचदा निळं, लॅनसारखं पोर्ट असेल तर तो नवीन कनेक्शनला लागेल. मात्र आधीच्या कंपनीने दिलेला डब्बा असेल तर तो त्यांचा आहे, परत द्यायचाय, त्यावर पुढची काही योजना बांधू नका.

घराच्या भिंती

माझ्या मते राउटरची निवड खरी इथे ठरते, आणि दुकानात कोणी याबद्दल विचारत नाही.

नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती विटांच्या आहेत, त्यातून वाय-फाय बऱ्यापैकी जातं. घोडबंदर रोड, कोलशेत, बाळकुम, तिकडे खारघर-तळोजा, या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले बरेचसे उंच टॉवर मायवान पद्धतीने बांधलेत, म्हणजे ॲल्युमिनियमचं शटरिंग लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटने भरतात. तिथे हॉल आणि बेडरूममधली भिंतसुद्धा सळई घातलेली काँक्रीटची असते. त्यामुळे सहाशे-सातशे फुटांच्या टू बीएचकेतही हॉलमधला राउटर मागच्या बेडरूममध्ये पोचत नाही आणि लोकांना वाटतं राउटर खराब आहे, बदलून आणतात, तरी तेच. तुमची भिंत कुठली ते ओळखायला सोपं: मागे कधी फ्रेम किंवा शेल्फ लावायला ड्रिल मारलं असेल तर आठवा. विटेची भिंत लाल भुगा देते, काँक्रीट राखाडी भुगा देतं आणि ड्रिलवाला वैतागतो.

सिडकोच्या रो हाउसमध्ये प्रश्न वेगळा, तिथे खालच्या आणि वरच्या मजल्यामध्ये स्लॅब येतो. एका राउटरवर दोन्ही मजले नीट चालतील अशी अपेक्षा ठेवू नका, कुठल्याही किमतीच्या राउटरकडून.

आता एक चाचणी, एक रुपया न खर्च करता. घरातले दोन फोन घ्या. एकावर हॉटस्पॉट चालू करा, सेटिंगमध्ये त्याचा बँड फाइव्ह गिगाहर्ट्झ करा, आणि तो फोन नेमका तिथे ठेवा जिथे राउटर येणार आहे, टीव्ही युनिटवर, दारावरच्या कोपऱ्यात, जिथे असेल तिथे. दुसरा फोन त्या हॉटस्पॉटला जोडून घरभर फिरा, प्रत्येक खोलीत दार लावून बघा, कारण रात्री दारं लावलेलीच असतात. एखादं वाय-फाय ॲनालायझर ॲप असेल तर सिग्नलच्या जोराचा आकडा पण दिसेल: उणे ५० च्या आसपास म्हणजे मस्त, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आरामात चालतात, उणे ७५ च्या पलीकडे गेलं की रडगाणं सुरू. फोनचा हॉटस्पॉट राउटरपेक्षा कमजोरच असतो, म्हणजे हॉटस्पॉटवर जिथे चालतंय तिथे राउटरवर नक्की चालेल. एखादी खोली पूर्णच मेलेली दिसली तर राउटरची जागा बदलून परत बघा. घराच्या मधोमध, पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर ठेवलं की कितीतरी घरांचा प्रश्न तिथेच सुटतो आणि नवीन राउटर घ्यायलाच लागत नाही. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, फ्रिजच्या शेजारी, माशांच्या टाकीमागे ठेवू नका, धातू आणि पाणी दोन्ही सिग्नल खातात.

प्लॅन किती आणि पोर्ट कुठलं

तीनशेच्या प्लॅनवर नव्वद का दिसतात ते आता बघू. राउटरचं पोर्ट दोन प्रकारचं असतं, १०० एमबीपीएसवालं आणि गिगाबिट म्हणजे १००० वालं. १०० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर जात नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात बाराशे लिहिलेलं असलं तरी तो वाय-फायचा आकडा आहे, पाठीमागचं पोर्ट शंभरचं असू शकतं. टीपी-लिंकचंच उदाहरण घ्या, आर्चर सी५० आणि आर्चर सी६, दोन्हींवर एसी१२०० लिहिलेलं, पण सी५० ची पोर्ट १०० ची आणि सी६ ची गिगाबिट. किमतीत फरक असतो तो यासाठी. म्हणून प्लॅन १०० पेक्षा जास्त असेल तर गिगाबिट वॅन पोर्ट आहे का हा पहिला प्रश्न, बाकी सगळं नंतर. प्लॅन १०० च्या आतला असेल तरीही माझं मत गिगाबिटच घ्या, राउटर चार-पाच वर्षं चालतो आणि प्लॅन तेवढ्यात वाढतोच.

राउटर गिगाबिट असूनही ९४ दिसत असेल तर केबल तपासा. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, शंभरच्या स्पीडला त्यातल्या चारच लागतात, गिगाबिटला आठही. काही वायरमन घाईत चारच तारा क्लिपमध्ये बसवतात किंवा एकाच केबलमधून दोन घरं काढतात. क्लिपच्या पारदर्शक प्लास्टिकमधून रंग मोजता येतात. कॅट ५-ई केबल गिगाबिटला पुरते, १०० मीटरपर्यंत, नवीन टाकताय तर कॅट ६ टाका.

आणि प्लॅन किती घ्यायचा? नेटफ्लिक्स 4-के साठी १५ एमबीपीएस मागतं, फुल एचडीला ५. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला चार-पाच पुरतात. एक टीव्ही 4-के वर, दोघांचे कॉल, मुलाचा क्लास, सगळं एकदम चालू धरलं तरी ५० होत नाहीत. त्यामुळे चौघांच्या घराला १०० चा प्लॅन बहुतेक वेळा पुरतो, वरचे पैसे दर महिन्याला प्लॅनमध्ये घालण्यापेक्षा एकदाच चांगल्या वायरिंगमध्ये घाला. घरून काम करणाऱ्यांनी अपलोड किती मिळणार तेही विचारावं, कॉलमध्ये आपला चेहरा फाटतो तो अपलोडमुळे. बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तुलना करताना तो धरूनच करा.

खोक्यावरचे आकडे

एसी म्हणजे वाय-फाय ५, एएक्स म्हणजे वाय-फाय ६, बीई म्हणजे वाय-फाय ७. पुढचा आकडा वाय-फायच्या दोन्ही बँडच्या, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांच्या, स्पीडची बेरीज असते. एसी१२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. एएक्स१५०० म्हणजे ३०० आणि १२०१. एएक्स३००० म्हणजे ५७४ आणि २४०२, पण हा २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल लागतो आणि बऱ्याच फोनना ८० चाच येतो, त्यामुळे त्या फोनला एएक्स१५०० आणि एएक्स३००० मध्ये फाइव्ह गिगाहर्ट्झवर तसा फरक पडत नाही. शिवाय कुठल्याच एका फोनला ही बेरीज मिळत नाही, फोन एका वेळी साधारण एकाच बँडवर असतो, आणि लिहिलेल्या आकड्याच्या साठ-सत्तर टक्के प्रत्यक्षात जवळ बसून मिळाले तर चांगलं समजा.

२.४ भिंतीतून लांब जातो पण टॉवरमध्ये तिथे भयंकर गर्दी आहे, तुमच्या फोनवर शेजाऱ्यांची नावं मोजा म्हणजे कळेल, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. त्यात मायक्रोवेव्ह पण याच फ्रीक्वेन्सीवर चालतो. ५ वर मोकळी जागा भरपूर, भारतात २०१८ साली हा पट्टा बराच वाढवून दिला, पण भिंतीत तो लवकर संपतो. म्हणून सिंगल बँड, म्हणजे फक्त २.४ वाला राउटर आजच्या तारखेला घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

माझा सल्ला सरळ आहे: वन बीएचके किंवा विटांच्या भिंतींचा टू बीएचके, प्लॅन तीनशेपर्यंत, तर गिगाबिट पोर्टवाला वाय-फाय ६ चा एएक्स१५०० पुरतो. घरात डिव्हाइस खूप असतील, टीव्ही, कॅमेरे, स्मार्ट प्लग, तीन-चार फोन, तर वाय-फाय ६ चा फायदा जाणवतो कारण तो गर्दी चांगली सांभाळतो. वाय-फाय ७ साठी आत्ता जास्त पैसे घालायची गरज मला दिसत नाही, घरातले फोनच त्याच्या लायकीचे नसतात. ६ गिगाहर्ट्झवाला राउटर नातेवाईकांकडून परदेशातून मागवायचा विचार असेल तर थांबा, भारतात त्यातला ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ एवढाच खालचा पट्टा वाय-फायसाठी मोकळा करण्याचा निर्णय झालाय, बाहेरच्या देशातला राउटर त्यांच्या नियमाने बनवलेला असतो आणि वॉरंटी इथे मिळत नाही ते वेगळंच.

अँटेनांची संख्या बघून घेऊ नका. राउटरने किती पॉवरने सिग्नल सोडायचा याला नियमाने मर्यादा आहे, आणि राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनचा आवाज राउटरपर्यंत परत पोचायला लागतो, फोनची अँटेना छोटी, बॅटरी छोटी. म्हणून काँक्रीटच्या भिंतीला उत्तर मोठा राउटर नाही, दुसरा राउटर आहे.

आतल्या खोलीत सिग्नल नसेल तर

सगळ्यात चांगलं म्हणजे वायर. नवीन फ्लॅटमध्ये बेडरूमपर्यंत टेलिफोन किंवा टीव्हीसाठी कन्सील्ड पाइप आधीच टाकलेला असतो, स्विच बोर्डजवळ फोनचं सॉकेट दिसेल, त्यातली जुनी वायर ओढताना तिलाच कॅट ६ बांधून आत घेता येते. इलेक्ट्रिशियन हे काम करतो, फक्त लाइटच्या वायरच्या पाइपमधून लॅन केबल घालू देऊ नका. बेडरूममध्ये केबल पोचली की तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे तो फक्त वाय-फाय देईल असा लावा, जुना असेल तोही चालेल. ॲक्सेस पॉइंटचा पर्याय नसला तर जुन्या राउटरचं डीएचसीपी (डिव्हाइसना पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा करा, आणि केबल त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सेम ठेवला की फोन आपोआप जवळचा पकडतो.

वायर शक्यच नसेल, भाड्याचं घर असेल, तर मेश, म्हणजे आपसात वाय-फायनेच जोडलेल्या राउटरांचा सेट. दोन युनिटचा सेट टू बीएचकेला पुरतो. दुसरं युनिट मेलेल्या खोलीत ठेवायचं नाही, तिथे त्यालाच सिग्नल मिळत नाही तर तो पुढे काय देणार, ते मधल्या जागी ठेवायचं, पॅसेजमध्ये, जिथे पहिल्याचा सिग्नल अजून चांगला आहे. प्लगमध्ये खोचायचे स्वस्त एक्स्टेंडर स्पीड साधारण अर्धा करतात कारण ते एकाच बँडवर ऐकतात आणि त्यावरच बोलतात, मोबाईलवर व्हॉट्सॅप चालवायला ठीक, ऑफिसच्या कामाला मी सांगणार नाही.

एवढं सगळं वाचून झाल्यावर सुद्धा माझं म्हणणं हेच की फायबर घेत असाल तर आधी कंपनीच्या डब्ब्यावर पंधरा दिवस काढा. ड्युअल बँड, गिगाबिट डब्बा मिळाला आणि जागा बरोबर असली तर कित्येक घरांना वेगळा राउटर लागतच नाही. नाही पुरलं तर मग घ्या, तेव्हा तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय ते माहीत असेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या, स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात घ्या नाहीतर ऑनलाइन, पण जीएसटी बिल घ्या आणि मॉडेलचं व्हर्जन खोक्यावर बघा, एकाच नावाच्या राउटरची वेगवेगळी व्हर्जन असतात.

बसवायला येतील त्या दिवशी

घरी थांबा, आणि डब्बा कुठे हवा ते तुम्ही सांगा. तुम्ही काही बोलला नाहीत तर तो दाराच्या आत पहिल्या प्लगपाशी बसवून जाईल कारण त्याला वायर कमी लागते. फायबर कोपऱ्यात काटकोनात वाकवू देऊ नका, काच आहे, हाताने दाबून वाकवली की सिग्नल गळतो. फायबरचं टोक हिरवं असेल तर डब्ब्याचं भोकही हिरवंच हवं, निळं-हिरवं मिसळायचं नाही. त्याच्याकडे फायबरमधला प्रकाश मोजायचा पॉवर मीटर असतो, त्याला म्हणा दादा रीडिंग दाखवा. उणे २७ ही साधारण शेवटची हद्द आहे, उणे १५ ते उणे २४ मध्ये आलं तर निश्चिंत, उणे २६ वगैरे असेल तर त्याला सांधा परत मारायला लावा, नाहीतर पावसाळ्यात तुम्हीच फोन करत बसाल.

तो जायच्या आधी लॅपटॉप लॅन केबलने जोडून स्पीड टेस्ट करा, वाय-फायवर नको. केबलवर पूर्ण स्पीड आला म्हणजे लाइन बरोबर, पुढचे प्रश्न वाय-फायचे. पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

स्वतःचा राउटर लावताना कंपनीचा डब्बा ब्रिज मोडमध्ये करून घ्या, म्हणजे लॉगिन तुमचा राउटर करेल. काही कंपन्यांना त्यासोबत व्हीलॅन नंबर (लाइन ओळखायचा एक आकडा) लागतो, तो त्यांच्याकडूनच घ्या आणि राउटरमध्ये तो टाकायची सोय आहे का ते घेण्याआधी बघा. ब्रिज करून देत नसतील तर तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका आणि कंपनीच्या डब्ब्याचं वाय-फाय बंद करा. दोघंही राउटर म्हणून चालू ठेवले तर रोजचं ब्राउझिंग चालतं पण गेमिंग आणि कॅमेरे अडतात.

सेटिंगमध्ये फार काही नाही. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनंच ठेवा, म्हणजे टीव्ही, कॅमेरे, सगळ्यांचे फोन आपोआप जोडले जातात, परत एकेकाला सेट करायला नको. पासवर्ड आधी अख्ख्या मजल्याला माहीत झालेला असेल तर मात्र बदला. राउटरच्या ॲडमिन पानाचा पासवर्ड वेगळा असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा ३, डब्ल्यूपीएस (बटण दाबून जोडायची सोय) बंद, फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट आपोआप चालू. स्मार्ट प्लग आणि बल्ब बहुतेक फक्त २.४ वर चालतात, ते जोडले जात नसतील तर थोडा वेळ २.४ चं नाव वेगळं करून जोडा.

लाइट, पाऊस आणि खोदकाम

लाइट गेली तरी फायबर चालू असतं, फक्त तुमच्या डब्ब्याला वीज हवी. राउटरचा मिनी यूपीएस घ्या, पण घ्यायच्या आधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, ९ व्होल्टवाल्याला १२ लावलं तर राउटर जळू शकतो. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन आउटपुटवाला लागेल, एकच चालू ठेवून उपयोग नाही. ॲडॉप्टर बदलायची वेळ आली तर बीआयएसचा मार्क बघूनच घ्या.

गच्चीवरून लॅन केबल येत असेल तर विजा चमकायला लागल्या की ती केबल राउटरमधून काढा, नुसता प्लग काढून भागत नाही, करंट केबलमधून येतो आणि वॅन पोर्ट जातं. फायबरच्या काचेतून करंट येत नाही, पण बाहेरच्या फायबर केबलला आधाराची लोखंडी तार असते, ती घरात डब्ब्यापर्यंत आणू देऊ नका.

डब्ब्यावर एलओएसचा लाल लाइट लागला तर प्रकाशच पोचत नाहीये, म्हणजे बाहेर कुठेतरी फायबर तुटलीय. घोडबंदर रोडला मेट्रो ४ चं आणि इतर खोदकाम सुरू झाल्यापासून हे तिकडच्या लोकांना पाठ आहे. अशा वेळी मागचं रिसेटचं बटण दाबू नका, त्याने लॉगिन पुसलं जातं आणि लाइन परत आल्यावरही नेट चालू होत नाही. तक्रार नोंदवा, नंबर घ्या, दाद मिळाली नाही तर ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीत वरचं अपील असतं, तिथे तोच नंबर देऊन जा.

जुनं कनेक्शन बंद करताना

नवीन चालू झाल्यावर आठवडाभर दोन्ही राहू द्या, जमत असेल तर. संध्याकाळी आठ ते अकरा, जेव्हा सगळी सोसायटी ऑनलाइन असते, तेव्हा नवीन लाइन कशी चालते ते बघितल्याशिवाय जुनी सोडू नका. मग बंद करायची विनंती ॲपवर किंवा मेलवर लेखी टाका, तोंडी सांगितलेलं धरू नका, नाहीतर बिल येत राहतं. डब्बा परत देताना आधी रिसेट करा, ॲडॉप्टरसकट द्या, सिरियल नंबरचा फोटो काढा आणि नेणाऱ्याकडून पोच घ्या, ती डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत जपून ठेवा. स्वतःचा जुना राउटर खरंच मेला असेल तर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, महापालिकेच्या किंवा सोसायटीच्या ई-कचरा मोहिमेत देता येतो, आणि चालू असेल तर बिल्डिंगमध्ये कोणाला ॲक्सेस पॉइंटला हवाय का ते ग्रुपवर विचारा.